सीताबर्डीचा रस्ता : निःशस्त्र पावलांचा इतिहास

नागपूर शहराच्या मध्यावर सीताबर्डीची टेकडी आहे. टेकडीवर किल्ला आहे आणि टेकडीच्या पायथ्याने रस्ता जातो. इतिहासकारांचे लक्ष आजवर किल्ल्याकडे अधिक गेले आणि ते स्वाभाविकही आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी याच टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रजांची फौज यांच्यात लढाई झाली. नागपूरकर भोसल्यांच्या स्वातंत्र्याचा कणा तेथेच मोडला. पुढे टेकडीवर तटबंदी उभी राहिली, तोफा चढल्या आणि खाली वसलेल्या शहराला आपला धनी कोण हे मान वर करताच दिसू लागले.

रस्त्याचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहिला आहे. पूर्वेला महाल, इतवारी, शुक्रवारी या जुन्या वस्त्या; पश्चिमेला व उत्तरेला सिव्हिल लाइन्स आणि सदर. एका बाजूस विणकर, कारागीर, दुकानदार, मजूर. दुसऱ्या बाजूस साहेबांचे बंगले, कचेऱ्या, न्यायालये. या दोन नागपुरांना जोडणारी आणि त्याहूनही अधिक, त्यांना वेगळी ठेवणारी जागा म्हणजे सीताबर्डी. गेल्या शंभर वर्षांत ज्याला सत्तेपाशी काही मागायचे होते, तो सामान्य माणूस याच रस्त्याने चालत गेला. त्याच्या हातात शस्त्र नव्हते. कधी निशाण होते, कधी निवेदनाचा कागद होता, कधी कडेवर मूल होते. टेकडीवरील लढाई दोन दिवसांत संपली, पण पायथ्याच्या रस्त्यावरचा हा प्रवास अजून संपलेला नाही. शांततामय लोकलढा आपल्या देशात कसा रुजला आणि कसा वाढला, हे समजून घ्यायचे असेल तर या रस्त्याइतका चांगला शिक्षक आम्हांस दुसरा दिसत नाही.

एका शब्दाचे परिवर्तन

१९२० हे वर्ष नागपूरच्या इतिहासात दोनदा कोरले गेले आहे. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली येथे अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली आणि तरुण भीमराव आंबेडकरांनी तीत भाग घेतला. ज्यांना गावाच्या विहिरीवर जाण्याची मुभा नव्हती, ते लोक आपल्या हक्कांचे ठराव करण्यासाठी एकत्र बसले, ही गोष्टच नवी होती.

त्याच वर्षी डिसेंबरात विजयराघवाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन नागपुरास झाले. चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले. असहकाराच्या ठरावावर या अधिवेशनात शिक्कामोर्तब झाले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्याहून दूरगामी अशा दोन गोष्टी तेथे घडल्या. पहिली ही की, काँग्रेसच्या ध्येयवाक्यातील शब्द बदलला. तोवर तिचा मार्ग सनदशीर होता. नागपुरात तो ‘न्याय्य व शांततामय’ झाला. सनदशीर म्हणजे सरकारने घालून दिलेल्या चौकटीतला. शांततामय म्हणजे, चौकट अन्यायाची असेल तर ती मोडीन, परंतु समोरच्याचे डोके फोडणार नाही. केवढे हे अंतर! पहिल्या मार्गासाठी वकील लागतो. दुसऱ्या मार्गासाठी अंतःकरण आणि सोसण्याची तयारी लागते. ती वकिलापाशी असते तशी विणकरापाशीही असू शकते.

दुसरी गोष्ट संघटनेची. चार आणे वर्गणी भरणारा कोणीही सभासद होऊ शकेल, प्रांतिक समित्या भाषेनुसार असतील, त्यांच्याखाली जिल्हा, तालुका आणि गाव यांच्या समित्या असतील, अशी नवी घटना नागपुरात मंजूर झाली. राजकारण मराठी माणसाशी मराठीत बोलू लागले. वर्षातून तीन दिवस मंडपात भरणारी परिषद बारा महिने गावात राहू लागली. शांततामय लढ्याला जे तळागाळाचे बळ लागते, त्याची पन्हाळ येथे बांधली गेली. तिच्यातून पाणी वाहू शकते की नाही, याची परीक्षा मात्र पुढेच व्हायची होती.

निषिद्ध रस्ता आणि निशाण

ती परीक्षा लवकरच आली आणि तीही अत्यंत निराशेच्या काळात. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटविले. बावीस पोलीस मृत्युमुखी पडले. गांधीजींनी आंदोलन थांबविले. मार्चमध्ये त्यांना अटक झाली आणि १८ मार्च रोजी सहा वर्षांची शिक्षा ठोठावून येरवड्याच्या कारागृहात पाठविण्यात आले. वर्षाअखेर गया येथील अधिवेशनात कायदेमंडळात जावे की न जावे या प्रश्नावरून काँग्रेस दुभंगली. नेता तुरुंगात, अनुयायी आपसांत भांडत, जनता गोंधळलेली. असहकाराची ज्योत विझली असे सरकारला वाटले असल्यास नवल नाही.

अशा वेळी ठिणगी पडली ती जबलपुरात. तेथील नगरपालिकेच्या इमारतीवर चरख्याचे निशाण लावण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. गांधीजींच्या शिक्षेला एक वर्ष झाले त्या दिवशी, म्हणजे १८ मार्च १९२३ रोजी, पंडित सुंदरलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निशाण घेऊन मिरवणूक काढली. अटक झाली. लगेच १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात निशाणाची मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या दिशेने निघाली असता पोलिसांनी ती अडविली आणि स्वयंसेवकांना मारहाण केली. प्रश्न सरळ होता. हे निशाण शहरात चालते, मग सिव्हिल लाइन्समध्ये का चालत नाही? सार्वजनिक रस्ता सर्वांचा असेल, तर त्याच्या एका तुकड्यावर एका वर्गाची मालकी कशी?

१ मे १९२३ पासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह सुरू झाला. त्याची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे, कारण शांततामय लढ्याचे सारे शास्त्र तीत सामावले आहे. रोज स्वयंसेवकांची एक लहान तुकडी निशाण घेऊन निघे. कोणत्या रस्त्याने जाणार, हे आधीच जाहीर असे. लपवाछपवी नाही, गर्दी नाही, दगड नाही. सिव्हिल लाइन्सच्या हद्दीशी पोलीस उभे असत. जमावबंदीचा, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाखालचा हुकूम वाचला जाई. तुकडी पुढे पाऊल टाकी, पकडली जाई, शिक्षा होई. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. ज्या वेळी हजार माणसे एकदम चालून जातात, त्या वेळी सरकारला लाठी चालविण्यास निमित्त मिळते. जेव्हा दहाच माणसे रोज, ठरल्या वेळी, हसतमुखाने तुरुंगात जातात, तेव्हा सरकारची दंडशक्ती लज्जित होते. चौरीचौऱ्याला दिलेले हे उत्तर होते. जमावाचा आवेश जेथे घसरला होता, तेथे तुकडीची शिस्त उभी करण्यात आली.

जूनच्या मध्यास जमनालालजींना अटक झाली. त्यांना दीड वर्षाची कैद आणि तीन हजार रुपये दंड झाला. दंड भरला गेला नाही म्हणून सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावास काढली, तर नागपुरात ती घेण्यास कोणी पुढे येईना. वस्तू चांगली, किंमत कमी, तरी गिऱ्हाईक नाही! नैतिक बहिष्कार म्हणजे काय, हे शहरातल्या व्यापाऱ्यांनी कोणतेही भाषण न ठोकता शिकवले.

स्थानिक माणसे कमी पडतील अशा हिशेबात सरकार होते. पण गुजरात, बिहार, कर्नाटक, तामिळनाडू, आंध्र अशा प्रांतांतून स्वयंसेवक रेल्वेने नागपुरास येऊ लागले. वर्ध्याच्या आश्रमातून विनोबा आले आणि तुरुंगात गेले. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनी सत्याग्रहात भाग घेतला. नागपुरात अटक करवून घेणारी पहिली स्त्री सत्याग्रही म्हणून त्यांचे नाव सांगितले जाते. हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांनी तयार केलेले कन्नड तरुण नागपूरच्या तुरुंगात माफीनामा लिहून द्यायला तयार झाले नाहीत. त्यांच्या त्या शिस्तीने प्रभावित होऊन त्याच वर्षीच्या डिसेंबरात काकिनाडा येथे हिंदुस्तानी सेवा मंडळाची, म्हणजे पुढच्या सेवादलाची, स्थापना झाली. पकडल्या गेलेल्यांची संख्या दीड हजाराच्या वर गेली. मराठी, हिंदी, गुजराती, कानडी, तामीळ बोलणारी माणसे एका शहराच्या एका रस्त्यासाठी एकाच तुरुंगात दळण दळू लागली. भारत नावाचे राष्ट्र प्रत्यक्षात कसे घडले, असे कोणी विचारले तर नागपूरच्या तुरुंगातील त्या जात्यांकडे बोट दाखवावे.

जमनालालजींच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल नागपुरास आले आणि त्यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांचे वडीलबंधू विठ्ठलभाईही होते. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या सरकारशी बोलणी झाली. बंदीची मुदत संपली, ती पुन्हा वाढविली गेली नाही आणि १८ ऑगस्ट १९२३ रोजी निशाण घेतलेली स्वयंसेवकांची तुकडी निषिद्ध रस्त्यावरून, कोणी न अडविता, सिव्हिल लाइन्समधून पार गेली. सप्टेंबरच्या आरंभी कैदी सुटले. सरकार म्हणाले, सत्याग्रहींनी परवानगी मागितली. वल्लभभाई म्हणाले, मुळीच नाही. विजय कोणाचा हा वाद वर्तमानपत्रांत रंगला. आम्हांस त्या वादाहून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कोणत्याही रहिवाशाला त्रास देण्याचा आपला हेतू नाही, ही सत्याग्रहींची भूमिका होती. ज्यांच्या दारावरून जायचे, त्यांचे दार फोडायचे नव्हते. आपला हक्क आणि त्यांची शांती या दोहोंचे भान एकाच वेळी राखायचे होते. येरवड्याच्या भिंतीआड असलेल्या नेत्याचा धडा त्याच्या गैरहजेरीत नागपूरकरांनी गिरवून दाखविला, हे या सत्याग्रहाचे खरे यश होय.

त्या वेळी आपण कोठे होतो?

हा प्रश्न विचारल्याविना आपणां कॅथलिक वाचकांना पुढे जाता येणार नाही. नागपूर धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला. फ्रान्सिस द सेल्स संघाच्या मिशनऱ्यांनी त्याआधी चार दशके या भूमीत घाम गाळला होता. शाळा, अनाथालये, दवाखाने उभारले होते. त्यांच्या त्यागाविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. परंतु १९२३ साली आपले महागुरुस्वामी युरोपियन होते, बहुतेक धर्मगुरूही युरोपियन होते आणि रेल्वे, लष्कर व सरकारी कचेऱ्या यांच्या आश्रयाने आपल्या कितीतरी कुटुंबांची चूल पेटत होती. सदरमध्ये अँग्लिकन पंथाचे ऑल सेंट्स कॅथीड्रल दिमाखाने उभे होते. निशाण घेऊन येणाऱ्या स्वयंसेवकाच्या दृष्टीने ख्रिस्ताचे मंदिर रस्त्याच्या त्या बाजूला, म्हणजे साहेबाच्या बाजूला होते. ज्या गिरिप्रवचनाने गांधीजींच्या मनाचा ठाव घेतला होता, ते गिरिप्रवचन आपल्या वेदीवरून दरवर्षी वाचले जात होते, तरी त्याचा अर्थ अंमलात आणणारी तुकडी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने येत होती.

तथापि, सर्वच ख्रिस्ती माणसे त्या एकाच बाजूला होती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मुंबईच्या माझगावातील आपले काका जोसेफ बॅप्टिस्टा हे टिळकांचे सहकारी आणि कायदेशीर सल्लागार होते. १९१६ साली बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. गिरणी व टपाल कामगारांच्या बाजूने ते उभे राहिले आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. केरळातील बॅरिस्टर जॉर्ज जोसेफ १९२४ साली वैकोमच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. आपल्या शेजारच्या वर्ध्यात, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा या ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाने ग्रामोद्योगाच्या कार्याला आयुष्य वाहिले, अनेकदा कारावास सोसला आणि येशूच्या शिकवणुकीच्या आचरणाविषयी जे चिंतन लिहिले, तेही तुरुंगातच. हे सर्व कॅथलिक नव्हते, परंतु सर्व जण प्रभूचे अनुयायी होते. त्यांची नावे आपल्या मुलांना ठाऊक असावीत.

वाट गावोगाव गेली

नागपूरचा अनुभव नागपुरातच राहिला नाही. वल्लभभाई गुजरातेत परतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोरसद तालुक्यात दंडात्मक कराविरुद्ध लोकांना उभे करून त्यांनी तो कर रद्द करविला. पाच वर्षांनी बारडोलीत शेतसारावाढीविरुद्ध तेच तंत्र अधिक व्यापक झाले. ३० मार्च १९२४ रोजी वैकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना चालता यावे म्हणून सत्याग्रह सुरू झाला. तेथेही लहान तुकड्याच पुढे जात होत्या आणि तेथेही मागणी चालण्याचीच होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. तो सुमारे पाच वर्षे चालला. परकी सरकारपुढे जो न्याय मागायचा, तोच स्वकीयांपुढेही मागावा लागतो, हे या लढ्यांनी दाखवून दिले. रस्ता, पाणी, मंदिराची पायरी! मागण्या किती साध्या! पण माणसाचे माणूसपण अशा साध्या गोष्टींतच अडकलेले असते.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा विदर्भापुढे अडचण उभी राहिली. येथे समुद्र कोठून आणावा? वऱ्हाडातील लोकांनी अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार केले. पावसाळ्यात तर त्यांनी आपल्या मातीतलाच प्रश्न शोधला. जंगलाच्या कायद्याने गुरांना चारा आणि चुलीला सरपण मिळेनासे झाले होते. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि ही चळवळ खेडोपाडी पसरली. गवताची पेंढी कापणे हा राजद्रोह ठरला, तेव्हा शेतकऱ्यालाही राजकारण म्हणजे काय ते उमगले. वरून आलेला कार्यक्रम लोकांनी आपल्या भूमीच्या भाषेत असा बदलून घेतला. तळागाळाची चळवळ म्हणतात ती हीच.

ही वाट सरळ आणि निष्कलंक राहिली, असे मात्र नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी येथे गोळीबार झाला, माणसे पडली. संतप्त जमावाच्या हातूनही पोलीस आणि अधिकारी मारले गेले. पुढे चिमूरच्या गावकऱ्यांनी जे अत्याचार सोसले, त्यांच्या कहाण्या ऐकून अंगावर काटा येतो. त्या हुतात्म्यांच्या देशभक्तीविषयी शंका घेण्याचा आम्हांस अधिकार नाही. तरी इतिहास शिकविणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे की, नेते एका रात्रीत उचलले गेले आणि शिस्तीची तुकडी नाहीशी झाली, की जमाव उरतो. आणि जमावाच्या हातून काय घडेल ते जमावालाही ठाऊक नसते.

विधानभवनाकडे

स्वातंत्र्य आले. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने शांततेने व शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला. १९२३ साली ज्यासाठी दीड हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली, ते आता देशाचे मूलभूत वचन झाले. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही त्याच अनुच्छेदात आहे. जमावबंदीचे १४४ कलम स्वतंत्र भारतातही कायम राहिले. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत त्याला १६३ हा क्रमांक मिळाला आहे. हक्क आणि निर्बंध यांतील ही ओढाताण लोकशाहीच्या प्रकृतीतच आहे.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानुसार विदर्भ महाराष्ट्रात आला आणि १९६० पासून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, काही अपवाद सोडल्यास, दरवर्षी नागपुरात भरत आले आहे. सिव्हिल लाइन्समध्ये आता साहेबाच्या जागी लोकप्रतिनिधी आले, पण रस्ता तोच राहिला. अधिवेशन भरले की शिक्षक, अंगणवाडी सेविका, शेतकरी, विणकर, भटके, आदिवासी यांचे मोर्चे सीताबर्डीच्या परिसरातून विधानभवनाकडे निघतात आणि मॉरिस कॉलेजच्या तिठ्यावर, झीरो माइलच्या आसपास, पोलिसांच्या कठड्यापाशी थांबतात. गडचिरोलीच्या कोपऱ्यातून दोन दिवस प्रवास करून आलेली बाई भाकरीचे गाठोडे सोडून तेथेच रस्त्यावर जेवते. कोणी मंत्री येईल, निवेदन घेईल, एवढीच तिची अपेक्षा असते.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच अपेक्षेने गोवारी समाज आला होता. गोवारी म्हणजे गुरे राखणारे. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी विदर्भाच्या गावागावांत ज्यांच्या वाद्यांवाचून सण साजरा होत नाही, ते लोक. अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘गोंड-गोवारी’ ही नोंद आपल्याला लागू करावी, एवढी त्यांची मागणी. हजारोंच्या संख्येने ते आले, स्त्रिया मुलांना घेऊन आल्या. मोर्चा कठड्यापाशी अडविला गेला. संध्याकाळपर्यंत लोक वाट पाहत बसले. मग गोंधळ उडाला, लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ गोवारी प्राणास मुकले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. मारण्यासाठी ती आली नव्हती, लढण्यासाठीही नव्हती. भेटण्यासाठी आली होती.

तत्कालीन आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. चौकशी आयोग बसला. गोवारींना विशेष मागास प्रवर्गात सवलती मिळाल्या. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांची बाजू मान्य केली. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द ठरविला. झीरो माइलजवळ या हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल असे नाव आहे. दरवर्षी २३ नोव्हेंबरला गोवारी कुटुंबे तेथे येऊन फुले वाहतात. पुलावरून वाहने जात असतात. ते नाव वाचण्याइतका वेळ आपल्यापैकी कितीजणांना असतो?

१९२३ आणि १९९४ या दोन घटना आम्ही एकापुढे एक ठेवीत आहोत त्यास कारण आहे. रस्ता एक, शांततेची वृत्ती एक. पण परिणाम किती भिन्न! पहिल्या वेळी सत्ता परकी होती, तरी साडेतीन महिन्यांनंतर का होईना बोलणी झाली आणि रस्ता मोकळा झाला. दुसऱ्या वेळी सत्ता आपलीच होती आणि काही तासांतच ११४ प्रेते रस्त्यावर पडली. परक्यांचे राज्य अधिक दयाळू होते, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. जालियनवाला बाग त्याच राज्यात घडली. अर्थ इतकाच की, शांततामय लढ्याचे यश केवळ चालणाऱ्यांच्या शिस्तीवर अवलंबून नसते. ज्यांच्याकडे चालत जायचे, त्यांनी दाराशी यावे लागते. निःशस्त्र माणूस आपली सारी सुरक्षितता समोरच्याच्या माणुसकीवर सोपवून येत असतो. समोरून कोणी आलेच नाही, तर त्याची शिस्त त्याला वाचवू शकत नाही.

आपली बाजू

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. पोप जॉन तेविसावे यांनी ११ एप्रिल १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात शांतीचा पाया सत्य, न्याय, प्रीती आणि स्वातंत्र्य यांवर घातला आणि माणसाच्या हक्कांची, त्यांत सभा-संघटनेच्या हक्काचीही, मोजदाद केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘गावदियुम एत स्पेस’ या संविधानात, हक्कांच्या रक्षणासाठी हिंसेचा त्याग करणाऱ्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. फेब्रुवारी १९८६ मध्ये फिलिपाइन्सच्या राजधानीत कार्डिनल हायमे सिन यांच्या आवाहनावरून लाखो लोक रस्त्यावर उतरले, धर्मभगिनी जपमाळ हातात घेऊन रणगाड्यांसमोर गुडघे टेकून बसल्या आणि हुकूमशहाला देश सोडावा लागला. आपल्या वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस जमीन आणि पाणी वाचविण्यासाठी हरित वसईचा लढा उभा राहिला. त्यात कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो धमक्यांना न जुमानता पुढे होते आणि त्यांच्यामागे धर्मग्रामांतील शेतकरी व गृहिणी होत्या, हे या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १९२३ साली आपण रस्त्याच्या ज्या बाजूला होतो, तेथेच राहिलो नाही, याची ही साक्ष आहे.

पण इतिहासाचे समाधान मानून स्वस्थ बसणे हा मोठा मोह असतो. डिसेंबर उजाडला, नाताळची खरेदी सुरू झाली आणि सीताबर्डीचा रस्ता मोर्च्याने अडला, की आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून एकच सूर ऐकू येतो : काय हा त्रास! मुलांची शाळेची बस उशिरा आली, नोव्हेनाला पोचता आले नाही. ही गैरसोय खरी आहे, ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र जो माणूस पाचशे मैलांवरून नव्हे, पण आपल्या आयुष्याच्या फार लांबच्या टोकावरून या रस्त्यापर्यंत आला आहे, त्याच्याकडे पाहून मनात पहिला विचार गैरसोयीचा येत असेल, तर सिव्हिल लाइन्स ही एक वस्ती नसून मनाची अवस्था आहे, असे म्हणावे लागेल.

उलट बाजूनेही एक उदाहरण देऊ. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांत आदिवासींची संख्या मोठी, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईस आले. सकाळी दहावीची परीक्षा होती. मुलांना केंद्रावर पोचण्यास अडथळा होऊ नये म्हणून पायांना फोड आलेल्या त्या लोकांनी विश्रांती न घेता रात्रीच उरलेली वाट चालून आझाद मैदान गाठले. ज्यांची स्वतःची मुले कदाचित दहावीपर्यंत पोचणार नव्हती, त्यांनी शहरातल्या मुलांची काळजी वाहिली. ते पाहून मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन रस्त्यावर आले. चालणारा आणि पाहणारा, दोघेही बदलले. १९२३ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या हद्दीशी जे बीज पडले होते, त्याचे झाड पंचाण्णव वर्षांनी असे मोहरले.

आपल्या देशात शांततामय लढा कसा वाढला, याचे उत्तर आता देता येईल. तो मोठ्या घोषणांतून वाढला नाही. रस्ता, पाणी, गवत, यादीतले एक नाव, अशा लहान आणि ठोस मागण्यांतून तो वाढला. तो गर्दीने वाढला नाही, तुकडीच्या शिस्तीने वाढला. आणि समोरच्याच्या अंतःकरणात माणूस आहे, या श्रद्धेने तो टिकला. ही श्रद्धा मूलतः धार्मिक आहे. क्रुसाची वाटही शहराच्या रस्त्यावरूनच गेली होती आणि त्या वाटेवर कोणी पाहत उभे राहिले, तर कोणी वेरोनिकासारखे पदर घेऊन पुढे झाले.

येत्या हिवाळ्यात सीताबर्डीच्या रस्त्यावर पुन्हा पावले उमटतील. ती कोणाची असतील, त्यांची मागणी योग्य असेल की अयोग्य, याचा निवाडा विवेकाने करावा; प्रत्येक मोर्चा न्याय्यच असतो असे नाही. परंतु निवाडा करण्यापूर्वी त्यांना विचारावे : बाबांनो, कोठून आलात? काही खाल्ले का? आमच्या धर्मग्रामातील युवकांनी एखाद्या दिवशी पाण्याचे पिंप घेऊन त्या कठड्यापाशी उभे राहावे, अशी आमची इच्छा आहे. त्याला राजकारण म्हणावे की प्रीतीचे कार्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. तहानलेल्याला पाणी देणाऱ्याला प्रभूने तो कोणत्या पक्षाचा, असे विचारल्याचे आम्हांस आठवत नाही.